कांदा पुढे, कागद मागे

गोणीपासून गोदीपर्यंत : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपून थांबलो होतो. काटा झाला, हमाली-तोलाई वजा झाली आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडली. त्याचा कागद तिथे संपतो. व्यापाऱ्याचे कागद तिथून पुढे सुरू होतात, आणि माल परदेशी जाणार असेल तर गोण्यांइतकीच या कागदांचीही राखण करावी लागते. (लासूर म्हटले की बाहेरचा माणूस हमखास लासलगाव ऐकतो. ते नाशिक जिल्ह्यात, आपले गंगापूर तालुक्यात. निर्यातीच्या कागदांवर हा घोळ होत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा दोन्ही गावे नसतात. एकच नाव असते, न्हावा शेवा बंदराचे.)

खळ्यावर माल निवडला जातो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला निघते, निर्यातीचा कांदा जाळीदार गोण्यांत भरला जातो. चाळीसफुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये तो साधारण अठ्ठावीस टन बसतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मालाला कीड-रोग नाही असे सांगणारे फायटो आणि माल भारतातला असल्याचा दाखला हे चार कागद नेहमीचे, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. खरा पहिला कागद शिपिंग बिल. व्यापाऱ्याचा क्लिअरिंग एजंट, म्हणजे सगळे ज्याला सीएचए म्हणतात तो, हे बिल कस्टम्सच्या संगणकात दाखल करतो. तपासणी झाली की कस्टम्सचा अधिकारी माल चढवायला परवानगी देतो. तिचे नाव लेट एक्सपोर्ट ऑर्डर, बोलताना एलईओ.

या एलईओची तारीख किती महाग पडू शकते ते 2023 च्या ऑगस्टमध्ये कळले. 19 ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. सौदा आधीच्या आठवड्यात ठरला होता, कांदा त्याआधी घेतला होता, शिपिंग बिलही दाखल होते, हे सगळे खरे असले तरी उपयोग नव्हता. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 16 प्रमाणे निर्यातीच्या मालाला एलईओच्या दिवशी असेल तो दर लागतो. कंटेनर गोदीत उभा आणि सही बाकी, म्हणजे शुल्क भरा किंवा माल परत न्या. परदेशातला ग्राहक जुन्या भावावर अडून बसणार हे उघडच होते. ते 40 टक्के कुणाच्या खिशातून जायचे, याचे उत्तर त्या एका सहीत होते.

डिसेंबरमध्ये उलट झाले. 7 डिसेंबरच्या अधिसूचनेने 8 तारखेपासून निर्यातच बंद केली, पण वाटेतल्या मालासाठी फटी ठेवल्या. अधिसूचनेआधी जहाजावर माल चढायला लागला असेल तर तो जाऊ द्यायचा. शिपिंग बिल दाखल आहे, जहाज बंदरात लागले आहे किंवा येऊन नांगरले आहे आणि त्याला रोटेशन नंबर मिळाला आहे, तरीही जाऊ द्यायचा. माल कस्टम्सच्या ताब्यात जाऊन त्यांच्या यंत्रणेत नोंदला गेला असेल तरीही. या सगळ्यांना मुदत 5 जानेवारी 2024 पर्यंत. म्हणजे एकाच वावरातल्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन कंटेनरांपैकी एक समुद्रावर आणि दुसरा परतीच्या वाटेवर, असे होऊ शकत होते. कांद्याच्या धोरणावर इथे भाषण करत नाही. एवढेच म्हणतो की धोरण रातोरात बदलायचे असेल तर निदान हे संक्रमणाचे कलम ऑगस्टमध्येही सुचायला हरकत नव्हती. निर्यात पुन्हा खुली झाली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलर किमान भाव आणि 40 टक्के शुल्क लावून.

या सगळ्या धावपळीत ज्याला निर्यातीचा राजा म्हणतात त्या कागदाचे नाव कुठे आले नाही, कारण तो तोवर जन्मालाच आलेला नसतो. बिल ऑफ लेडिंग, व्यापाऱ्यांच्या बोलण्यात बीएल, माल जहाजावर चढल्यावर जहाज कंपनी देते.

बीएलचा मसुदा आधी व्यापाऱ्याकडे तपासायला येतो. मोठ्या नुकसानी टळतात त्या इथे, म्हणून मसुदा सावकाश वाचावा. वर माल पाठवणारा, त्याखाली माल घेणारा, मग माल आल्याची वर्दी कुणाला द्यायची त्याचे नाव. जहाज, फेरी, चढवण्याचे बंदर, उतरवण्याचे बंदर. कंटेनरचा नंबर चार अक्षरे आणि सात आकड्यांचा असतो. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना काही चुकले तर संगणक बहुधा ओरडतो. सीलच्या नंबराला अशी राखण नाही. तिथे 3 चा 8 झाला तर तो कुणालाच खटकत नाही, खटकतो थेट बँकेतल्या तपासनिसाला. गोण्यांच्या आकड्याशेजारी आणखी एक वाक्य छापलेले असते. त्याचा अर्थ असा, की माल पाठवणाऱ्याने स्वतः भरला, स्वतः मोजला, आत अमुक आहे असे तो म्हणतो. कंपनीने दार उघडून पाहिलेले नाही. गोण्या कमी भरल्या तर त्याचे खापर जहाजावर फोडता येत नाही ते या ओळीमुळे.

माल मिळाल्याची पावती आणि वाहतुकीच्या कराराचा पुरावा, ही बीएलची दोन कामे ट्रकच्या बिल्टीसारखीच आहेत. तिसरे काम वेगळे. माल घेणाऱ्याच्या रकान्यात ‘टु ऑर्डर’ असे लिहिले की तो कागद मागे सही करून दुसऱ्याला देता येतो, आणि ज्याच्या हातात अस्सल प्रत त्याचा माल. 1787 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लिकबॅरो विरुद्ध मेसन हा खटला गाजला. बीएल असा हस्तांतरित करता येतो ही व्यापाऱ्यांची रीत तिथून कायद्यात आली. 1883 मध्ये न्यायमूर्ती बोवेन यांनी त्याला गोदामाची किल्ली म्हटले. गोदाम जमिनीवर असो की पाण्यावर तरंगते, किल्ली एकच. प्रथेप्रमाणे अस्सल प्रती तीन निघतात. त्यातल्या कुठल्याही एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन रद्दी, म्हणून बँक तिन्ही एकदम मागते.

हे समुद्रापारचे काहीतरी नवल आहे असे लासूरने मानायचे कारण नाही. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन टाकली गेली आणि तिच्यावर हे स्टेशन आले. या लाइनीवरून मुंबईकडे निघालेला माल मनमाडला मीटरगेजवरून उतरवून ब्रॉडगेजवर चढवावा लागे. माल वाटेत असताना त्याची मालकी मात्र रेल्वे पावतीच्या कागदात असे. मालविक्री कायदा 1930 ने बीएल आणि रेल्वे पावती यांना एकाच व्याख्येत, शेजारी-शेजारी बसवले आहे. दोन्ही मालकीचे कागद. याची कसोटी महाराष्ट्रातल्याच एका मालावर लागली. ठाण्याच्या एका पेढीने 35,500 रुपयांच्या पेट्या दिल्लीजवळच्या ओखल्याला रेल्वेने पाठवल्या, पावत्या मोरवी मर्कंटाइल बँकेच्या नावे करून दिल्या आणि 20,000 रुपये उचलले. बँकेला तो माल मिळाला नाही. ती रेल्वेवर दाव्याला गेली. पावती गहाण ठेवली म्हणजे माल गहाण पडला का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1965 मध्ये बहुमताने उत्तर आले, की हो, पडला.

बँक बीएलवर पैसे देते ती याच भरवशावर. कागद पाहून पैसे देण्याची बँकेची हमी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट; तिचे जागतिक नियम आहेत, सध्याची आवृत्ती यूसीपी 600, जुलै 2007 पासूनची. त्यांचा गाभा असा की बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही. कांदा कसाही असो, कागद चोख असतील तर पैसे द्यायचे. कांदा पहिल्या नंबरचा असून सीलचा आकडा चुकला असेल तर अडवायचे. ऐकायला हे उफराटे वाटते, पण काउंटरवरच्या माणसाने कोलंबोतला कांदा कापून पाहावा अशी अपेक्षा तरी कशी धरायची?

पण ही रचना कापूस, तांदूळ, यंत्रे अशा दमदार मालासाठी घडली. कांद्याला तेवढा दम नाही. न्हावा शेवाहून कोलंबो किंवा दुबईचे जेबेल अली ही जहाजाची काही दिवसांचीच वाट आहे. कागदाची वाट मोजा. जहाज सुटल्यावर बीएल हातात येणार, मग तो आपल्या बँकेत जाणार. यूसीपीप्रमाणे कागद तपासायला प्रत्येक बँकेला कामकाजाच्या पाच दिवसांपर्यंत मुभा आहे. आपली बँक, मग कुरियर, मग तिकडची बँक, मध्ये दोन्हीकडचे सुटीचे दिवस. कांदा बंदरात पोचून घाम सोडू लागतो तेव्हा कागद अजून मुंबईत शिक्के खात असतो. रीफर विजेवर चालू ठेवायचे भाडे आणि कंटेनर अडवल्याचा दंड रोज चढतो तो वेगळाच.

म्हणून कांद्याच्या व्यापारात किल्ली बहुतेकदा वापरलीच जात नाही. व्यापारी अस्सल बीएल इथेच, मुंबईतल्या जहाज कंपनीच्या कचेरीत परत करतो. कंपनी तिकडच्या कचेरीला कळवते, की प्रत आमच्याकडे जमा झाली, माल सोडा. हा बीएल सरेंडर. निरोप आता ईमेलने जातो, तरी नाव अजून टेलेक्स रिलीजच. सौदेही त्याच बेताचे होतात. काही रक्कम आगाऊ, उरलेली बीएलची कॉपी पाहून, पैसे खात्यात आले की सरेंडर. यात खरी गोम क्रमाची आहे. पैसे येण्याआधी सरेंडर केलेल्या व्यापाऱ्याकडे पुढे माल उरत नाही, फक्त फोन नंबर उरतो. आणि ‘माल नरमला, वीस टक्के सोडा’ असा फोन नेमका त्यानंतर येतो. आधी आला असता तर निदान ऐकून न ऐकल्यासारखे करता आले असते.

किल्ली हातात घट्ट धरली तरी कांदा वाचतोच असे नाही. श्रीलंकेत डॉलर आटले तेव्हा, 2021 च्या शेवटी आणि 2022 च्या सुरुवातीला, खाण्याच्या जिनसांचे कंटेनर शेकड्यांनी कोलंबो बंदरात पडून राहिले. आयातदार होते, गिऱ्हाईक होते, कागदही होते. ते कागद सोडवायला लागणारे डॉलर तिथल्या बँकांकडे नव्हते. कायद्याने माल विकणाऱ्याचाच होता. पण कंटेनरमधल्या नाशवंत मालाची मालकी दुसऱ्या देशाच्या धक्क्यावर किती दिवस पुरते, याचा हिशेब कुठल्याही कायद्यात मांडलेला नाही.

कायद्याचे म्हणाल तर आपल्याकडे या कागदाचा कारभार 1856 पासून अवघ्या तीन कलमांवर चालला होता. त्याआधी बीएल हाती आला की माल मिळे, पण वाहतुकीच्या करारावर दावा लावायचा हक्क मूळ पाठवणाऱ्याकडेच राही. माल एकाचा, तक्रार दुसऱ्याने करायची. त्या कायद्याने ही गाठ सोडवली. जुलै 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा आणला. भाषा आजची झाली, मूळ तत्त्व तेच राहिले. ब्रिटनने 2023 मध्ये एक पाऊल पुढे टाकून संगणकातल्या बीएलला कागदाचा दर्जा दिला. कांद्याच्या दृष्टीने कामाची सुधारणा ती आहे. कागदाला कुरियर लागला नाही तर सरेंडरची घाई उरणार नाही, आणि किल्ली पैसे येईपर्यंत विकणाऱ्याच्या हाती राहू शकेल. पण त्यासाठी कोलंबो, दुबई आणि आपली बँक या तिघांनी एकाच यंत्रणेवर यावे लागेल.

पुढच्या भागात विमा घेऊ. त्याची सुरुवात जोखमी हुंडीपासून करू. माल सुखरूप पोचला तरच पैसे, अशी ती हुंडी आपले व्यापारी फार आधीपासून लिहीत आले आहेत.