जाहिरातीतला ‘जेआरएफ’ नेमका कोणता?

बारामती-इंदापूरकडून पुणे विद्यापीठात संशोधनाला जायचं ठरवलंय? मग पदाचं नाव वाचून लगेच अर्ज टाकू नका. ‘जेआरएफ’ दोन प्रकारचे असतात.

पहिला नेट परीक्षेतून मिळतो. ही फेलोशिप तुमच्या नावावर असते. आधी २ वर्षं जेआरएफ, मग काम तपासून एसआरएफ. २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं.

दुसरा प्रकल्पावरचा. पैसे प्रकल्पाचे, काम प्रमुख संशोधक ठरवणार. प्रकल्प संपला की पदही संपतं. पीएचडीची नोंदणी आपोआप होत नाही. माळेगाव खुर्दच्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत निघणारी ‘यंग प्रोफेशनल’ची पदंही अशीच कंत्राटी.

शिकवायचं असेल तर सहायक प्राध्यापक आणि तासिका तत्त्व यांतला फरक बघा. तासिकेवर जेवढे तास, तेवढेच पैसे. सुट्टीत काहीच नाही.

म्हणून अर्जाआधी फोन करून तीनच प्रश्न विचारा: मुदत किती? पगार कुठल्या निधीतून? आणि या पदावर राहून पीएचडीला नोंदणी करता येईल का? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर ते लेखी मागा.