वटवाघळाचं घड्याळ आणि रात्रीचं दारं धरणं

मंडळी, आज बारामतीत बोलतोय, समोर इंदापूरकडचेही बरेच जण दिसतायत. तेव्हा सुरुवात मोटारीपासूनच करू. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात उसात दारं धरून आलेला माणूस सकाळी अंथरुणावर पडतो, पण झोप लागत नाही. का?

याचं उत्तर शोधताना मला आपल्या शेजारच्या नगरचे (आता अहिल्यानगर) एक संशोधक भेटले, म्हणजे त्यांच्या लेखांतून. दिलीप जोशी. १९८०च्या दशकात ते मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांच्याबरोबर गुहेतल्या वटवाघळांवर काम करत होते. वटवाघूळ कायम अंधारात ठेवलं तरी त्याच्या उडण्याची वेळ साधारण चोवीस तासांनी येतेच. घड्याळ आतच असतं. या दोघांनी १९८४ साली दाखवलं, की प्रखर प्रकाशाचा फक्त अर्ध्या मिलिसेकंदाचा एक झोत ते घड्याळ सरकवतो. अर्धा मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग! आणि अशा प्रयोगांत प्रकाश केव्हा पडला याला फार महत्त्व असतं. रात्रीच्या सुरुवातीला पडला तर घड्याळ मागे जातं, पहाटेकडे पडला तर पुढे.

पुढे अहमदनगर कॉलेजात जोशींनी फळमाश्या घेतल्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, ती चिलटं. वेगवेगळ्या अक्षांशांवरून आणलेल्या एकाच जातीच्या माश्यांच्या हालचालींची लय वेगवेगळी निघाली. म्हणजे जिथला सूर्य, तिथलं घड्याळ. (काळ मनात असतो की बाहेर, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी शेकडो पानं लिहिली. चिलटाला विचारलं असतं तर बरं झालं असतं!) याच माशीच्या दुसऱ्या एका जातीवरच्या कामातून या घड्याळाची जनुकं सापडली आणि २०१७चं नोबेल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं.

माणूस वटवाघूळ नव्हे. एका झोतानं आपलं काही बिघडत नाही. पण आपलंही घड्याळ डोळ्यांवाटेच उजेड टिपतं, आणि रोज जेमतेम तासाभरानं सरकतं. रात्रीच्या पाळीला ते जुळत येतं न येतं, तोवर आठवडा संपतो आणि लाईट पुन्हा दिवसाची होते. साखर कारखान्यातल्या पाळीवाल्यांचीही गत हीच.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, दिवसा वीज देण्यासाठी. तिच्याबद्दल युनिटचा दर, जमिनीचं भाडं, सगळं ऐकलं. झोपेचा हिशोब मात्र माझ्या कानावर अजून आलेला नाही.