सूर्य दिसला की म्हणायचं ‘रात्र’

सूर्याचं चित्र दिसलं की ‘रात्र’ म्हणायचं, चंद्र दिसला की ‘दिवस’. अडेल डायमंड आणि सहकाऱ्यांच्या १९९४ मधल्या अभ्यासातल्या या चाचणीत ओठांवर आलेला शब्द आवरून नियम लक्षात ठेवावा लागतो. साडेतीन-चार वर्षांची बरीच मुलं इथे अडखळतात, म्हणून तुलना समवयस्कांशीच हवी. या एका खेळावरून एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या समस्येचं, निदान करणं तर साफ चूक. शांत खोलीत, समोर एकच मोठं माणूस असताना नीट उत्तरं देणारं मूल बालवाडीत घसरगुंडीपाशी पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही, असंही होतं. म्हणून मुलाचं रोजचं वागणं कळावं यासाठी ‘ब्रीफ-पी’सारखी ६३ विधानांची प्रश्नावली पालक आणि बाई दोघांकडून भरून घेतात. उत्तरं जुळली नाहीत, तर तपासणाऱ्याने घरी आणि बालवाडीत नेमकं काय घडतं ते विचारावं.