फोटोत नसलेल्या धावपटू

आज आपण एका जुन्या फोटोपासून सुरुवात करू. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून त्यात काय आहे ते सांगतो.

साल 1968. मेक्सिको देशात ऑलिंपिक भरलं होतं. 16 ऑक्टोबरला पुरुषांची 200 मीटरची शर्यत झाली आणि बक्षिसाच्या चौथऱ्यावर तिघं उभे राहिले. पहिला आलेला टॉमी स्मिथ आणि तिसरा जॉन कार्लोस, दोघंही अमेरिकेचे, कृष्णवर्णीय. त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत सुरू झालं तशी दोघांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर उचलली. पायात बूट नव्हते, नुसते काळे मोजे. आपल्या लोकांची गरिबी जगाला दिसावी म्हणून. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन गोरा होता. त्याने मूठ उचलली नाही, पण त्यांच्या चळवळीचा बिल्ला छातीवर लावला. स्मिथ आणि कार्लोसला दोन दिवसांत संघातून काढून टाकलं.

हा फोटो जगभर गेला. पुढे त्या दोघांचा पुतळाही त्यांच्या कॉलेजात उभा राहिला. खेळाडूंनी अन्यायाविरुद्ध उभं राहण्याचा विषय निघाला की हाच फोटो पुढे येतो. मग त्या संघात काय बायका नव्हत्या?

होत्या तर. त्यातली एक वायोमिया टायस. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावची. वडील दुधाच्या फार्मवर कामाला. तीन थोरले भाऊ, आणि वडिलांचा दंडक असा की पोरं खेळायला निघाली की बहिणीलाही खेळात घ्यायचं. त्या काळी तिथे गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. गोऱ्या मुलांची शाळा घराजवळ असूनही वायोमियाला बसने लांबच्या शाळेत जावं लागे. घर आगीत जळालं, पंधरा वर्षांची असताना वडील गेले. पोरगी अबोल झाली. पण धावत राहिली.

तिला हेरलं ते टेनेसी राज्यातल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाने, एड टेंपल यांनी. कॉलेज काळ्या मुलामुलींचं. इथल्या मुलींना फुकट शिक्षण नव्हतं, कॉलेजातच रोज काम करून त्या फी भागवायच्या. स्पर्धेला जाताना सगळ्याजणी गाडीत दाटीवाटीने बसायच्या आणि डबे बरोबर घ्यायच्या, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्या माणसांना आत घेत नसत. पेट्रोल पंपावरचं संडासही बंद. मग गाडी थांबवून शेतात जायचं. ही अडचण काय असते ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि याच मुली देशासाठी पदकं आणत होत्या!

1964 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये वायोमियाने 100 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती 19 वर्षांची होती. 1968 ला ती पुन्हा उतरली. त्याआधी वर्षभर अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंची चळवळ उभी राहत होती. हॅरी एडवर्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी ती बांधली होती. आमच्या लोकांना माणूस म्हणून हक्क मिळत नसतील, तर तुमच्यासाठी पदकं कशाला आणायची, हा त्यांचा सवाल. ऑलिंपिकवर बहिष्कार घालावा का, यावर खूप खल झाला. एकमत झालं नाही, तेव्हा ज्याने त्याने आपल्या परीने निषेध करावा असं ठरलं.

या सगळ्या चर्चेत धावणाऱ्या मुलींना कुणी विचारलंच नाही. पुरुष ठरवतील आणि बायका मागून येतील, असं धरून चाललं होतं. वायोमियाने पुढे अनेकदा हे सांगितलं आहे, स्वतःच्या पुस्तकातही लिहिलं आहे. आम्हाला वाटतं, यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आपल्याकडेही ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्या, असं कायद्यात लिहावं लागलं, ते काही उगीच नाही. न्यायासाठी झगडणाऱ्या माणसालाही घरातल्या बाईचं मत घ्यायचं सुचत नाही. एडवर्ड्स यांचं काम मोठंच, पण ही उणीव होतीच.

आता तारीख नीट ऐका. बायकांची 100 मीटरची अंतिम शर्यत झाली 15 ऑक्टोबरला, म्हणजे त्या मुठींच्या आदल्या दिवशी. संघाने मुलींना पांढऱ्या चड्ड्या दिल्या होत्या. वायोमिया मात्र गडद रंगाची चड्डी घालून उतरली. कुणाला सांगितलं नाही, परवानगी मागितली नाही. हा तिचा निषेध. ती 11.08 सेकंदांत पहिली आली, जागतिक विक्रम झाला. ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारी ती पहिली व्यक्ती. पहिली बाई नव्हे, पहिली व्यक्ती. तोवर एकाही पुरुषाला हे जमलं नव्हतं. पण त्या चड्डीच्या रंगाकडे लक्ष गेलं नाही.

पाचच दिवसांनी चौघींची रिले शर्यत झाली. रिले म्हणजे एकीने दुसरीच्या हातात दांडी देत धावायचं. तीही त्यांनी जिंकली. स्मिथ आणि कार्लोस तोवर संघाबाहेर गेले होते. त्यांची बाजू घेणं म्हणजे आपलीही गाडी अडवून घेणं. तरी वायोमियाने पत्रकारांना सांगितलं की हा विजय आम्ही त्या दोघांना अर्पण करतो. ज्यांनी आपल्याला विचारलं नाही, त्यांच्यासाठी.

ही जुनी गोष्ट झाली, पण पुढेही असंच घडलं. अमेरिकेत बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा असते, तिला डब्ल्यूएनबीए म्हणतात. खेळाडूंत बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत. जुलै 2016 मध्ये दोन कृष्णवर्णीय पुरुष पोलिसांच्या गोळीने मेले. 9 जुलैला मिनेसोटाच्या संघातल्या मुली सामन्याआधी त्यांची नावं लिहिलेले काळे टीशर्ट घालून आल्या. त्याच आठवड्यात डॅलस शहरात मारल्या गेलेल्या पोलिसांची आठवण म्हणून त्यांचंही चिन्ह त्यावर होतं. तरीही बंदोबस्ताला आलेले चार पोलीस काम सोडून निघून गेले. मग इतर संघांनीही तसे टीशर्ट घातले, तेव्हा खेळाडूंना माणशी 500 डॉलर दंड झाला. त्या मागे हटल्या नाहीत, दंडच मागे घ्यावा लागला. कॉलिन केपर्निक या फुटबॉलपटूचं राष्ट्रगीताच्या वेळचं आंदोलन जगभर गाजलं, ते याच्या महिन्याभरानंतरचं.

आणि 2020 ची गोष्ट तर वायोमियाच्याच जॉर्जियातली. तिथल्या अटलांटा संघाच्या एक मालकीणबाई, केली लोफलर, सिनेटर होत्या, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या सभागृहाच्या सदस्य. खेळाडूंनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीला पाठिंबा दिला, त्याला लोफलरबाईंनी पत्र लिहून विरोध केला. आता मालकाशी भांडायचं कसं? पगार तिथूनच येतो. खेळाडूंनी आरडाओरडा केला नाही. निवडणुकीत बाईंच्या विरोधात उभे असलेले रफाएल वॉर्नॉक यांच्याशी त्या आधी बोलल्या, त्यांची मतं तपासली. मग 'वॉर्नॉकना मत द्या' असं लिहिलेले टीशर्ट घालून मैदानात आल्या, अटलांटाच्याच नव्हे, इतर संघांतल्याही. बाईंचं नाव मात्र उच्चारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

जानेवारी 2021 मध्ये वॉर्नॉक निवडून आले. पुढच्याच महिन्यात अटलांटा संघ विकला गेला. विकत घेणाऱ्या तिघांत एक होती रेनी माँटगोमेरी. ती त्याच संघाची माजी खेळाडू. चळवळीचं काम करता यावं म्हणून तिने 2020 चा अख्खा हंगाम सोडला होता.