रुग्णनोंदींची प्रत व आपत्तीची पूर्वतयारी : दंतचिकित्सालयांच्या अनुभवातून बोध

संगणकावर सर्वाधिक विसंबून असणाऱ्या चिकित्सालयांत दंतचिकित्सालयांची गणना करावी लागते. प्रत्येक दाताचा तक्ता, क्ष-किरण प्रतिमा, दात सरळ करण्याच्या दीर्घ उपचारांचा क्रम, भेटीच्या वेळा आणि देयके हे सर्व तेथे संगणकातच असते. जबड्याची एक त्रिमितीय प्रतिमा कित्येकदा शेकडो एमबी जागा व्यापते. ती कागदावर उतरवून ठेवता येत नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांची चिकित्सालये व औषधालये आज त्याच वाटेवर असल्यामुळे दंतवैद्यांच्या अनुभवाचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत घडलेली घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील सुमारे ४०० दंतचिकित्सालये आपल्या नोंदींच्या प्रती विस्कॉन्सिन राज्यातील एका सेवेमार्फत ठेवीत असत. खंडणीखोरांनी या सेवेच्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या मार्गानेच चिकित्सालयांच्या संगणकांत प्रवेश केला व माहिती कुलूपबंद केली. ज्या सेवेवर रक्षणाचा भार, तिच्याच वाटेने संकट आले! दंतवैद्यांनी प्रत घेतली नव्हती असे नाही. मूळ नोंद व प्रत एकाच धाग्याला बांधलेली होती, हे त्या व्यवस्थेतील वैगुण्य होते.

तीन आपत्ती, तीन उपाय

नोंदी नष्ट होण्याची कारणे मुख्यत्वे तीन. पहिले, यंत्रातील बिघाड. यास दुसऱ्या डिस्कवरील प्रत पुरेशी होते. दुसरे, जागेवरील संकट, म्हणजे पूर, आग अथवा चोरी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. अशा प्रसंगी संगणक व शेजारच्या कपाटातील डिस्क एकाच वेळी बुडतात. म्हणून एक प्रत अन्य ठिकाणी हवी. तिसरे, खंडणीखोर विषाणू. संगणकाला सतत जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. म्हणून एक प्रत कायम विलग हवी.

या तिहींचा मेळ घालणारा '३-२-१' हा नियम संगणकतज्ज्ञांत रूढ आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन भिन्न माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्यत्र. लहान चिकित्सालयास हे अवघड नाही. मूळ संगणक, आलटून-पालटून वापरायच्या दोन बाह्य डिस्क आणि इंटरनेटवरील एक प्रत एवढ्यात काम भागते. रोज काम संपताच एका डिस्कवर प्रत घ्यावी व ती लगेच काढून ठेवावी. दुसरी डिस्क घरी असावी. दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करावी.

प्रत घेताना होणाऱ्या चुका

दंतचिकित्सालयांत वारंवार आढळणारी चूक अशी की, रुग्णांच्या नोंदींची प्रत घेतली जाते, परंतु प्रतिमा निराळ्या फोल्डरमध्ये असल्यामुळे त्या राहून जातात. आपल्याकडे नाडीपरीक्षणाची टिपणे, प्रयोगशाळेचे अहवाल व त्वचाविकारांची छायाचित्रे यांबाबत हेच घडू शकते. दुसरे असे की, प्रणाली चालू असताना तिची फाईल नुसती उचलून ठेवल्यास ती प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो. प्रणालीतील प्रत घेण्याची सोयच वापरावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट परीक्षेची. दर तीन महिन्यांनी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाच-दहा रुग्णांच्या नोंदी उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिचा भरवसा धरता येत नाही. प्रत सांकेतिक कुलपात ठेवावी, कारण रुग्णाची गुप्तता डिस्क हरवल्यावरही राखली गेली पाहिजे. मात्र परवलीचा शब्द त्याच संगणकात न ठेवता कागदावर अन्यत्र जपावा.

लेखी योजना

नियोजनाच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत : किती काळाच्या नोंदी गमावणे आपणांस परवडेल, आणि किती वेळात काम पूर्ववत व्हावयास हवे? दिवसाला वीस रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास एका दिवसाच्या नोंदी स्मरणाने भरून काढता येतील. शेकडो देयके करणाऱ्या औषधालयास ते शक्य नाही. त्यातच जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. अमेरिकेत आरोग्यविषयक 'हिपा' नियमांनुसार प्रत घेण्याची, माहिती पूर्ववत करण्याची व मधल्या काळात काम चालविण्याची योजना असणे आवश्यक मानले आहे. आपणही एका पानावर एवढे लिहून ठेवावे : प्रती कोठे आहेत, कोणाला बोलवावयाचे, आणि संगणक बंद असता कोणत्या छापील नमुन्यांवर काम चालवावयाचे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'अनागताबाधाप्रतिषेध' या नावाचा अध्याय आहे. न आलेल्या व्याधीचा प्रतिबंध हा त्याचा विषय, आणि त्यात दंतधावनाचाही विधी सांगितला आहे. रुग्णास आपण जे नित्य सांगतो, ते आपल्या नोंदींच्या बाबतीत सर्व सभासदांनी आचरणात आणावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.