आधी टेस्ट, मग टेक!

एरवी महिनोन्‌महिने धाकट्या भावाचा फोन येत नाही. आलाच, आणि 'दादा, येत्या रविवारी तुझा फ्लॅट रिकामा आहे ना रे?' असं गोड आवाजात विचारलं गेलं, की समजायचं, पोरं म्युझिक व्हिडिओ करतायत. मग हळूहळू यादी वाढते. ताईची हिरवी बेडशीट, काकांचा फिश टँक, गाडीचे हेडलाइट्स आणि शेवटी, अगदी सहज बोलता बोलता, 'दोन-तीन हजार असतील का?' नोकरीला लागलो की आपण घरातल्या प्रत्येक क्रिएटिव्ह प्रोजेक्टचे फायनान्सर होतो, बॉस!

पैसे द्या. जरूर द्या. फक्त देण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'टेस्ट केलीत का?'

कॉलेजच्या ग्रुपकडे बहुतेक सगळं असतं. कुणीतरी रात्र रात्र जागून गाणं केलेलं असतं, कुणाकडे बरा फोन असतो, कुणाला एडिटिंग जमतं, आणि सगळ्यांच्या डोक्यात मिळून डझनभर इफेक्ट्स असतात. नसतो तो वेळ. लोकेशन एका दिवसापुरतं मिळतं, नाचणारीची दुसऱ्या दिवशी सबमिशन असते, भाड्याची लाइट संध्याकाळी परत करायची असते. अशा दिवशी सकाळी दहाला 'आपण हे उलटं शूट करून बघूया का?' असं कुणी म्हणालं, की जेवणापर्यंतचा वेळ गेलाच समजा. गंमत अशी, की ते 'बघूया' आदल्या आठवड्यात दोन संध्याकाळी, मेकअप नाही, कॉस्च्युम नाही, जिन्यातल्या बल्बखाली चहा पीत आरामात उरकता येतं.

फाळक्यांचा वाटाणा

आपल्याकडच्या पहिल्या टेस्ट शूट्सपैकी एक खुद्द दादासाहेब फाळक्यांचं आहे. लंडनहून १९१२ मध्ये कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी लगेच राजे-राण्या उभ्या केल्या नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक फ्रेम करत टिपली. दिवसेंदिवस चाललेली वाढ पडद्यावर झरझर घडताना दिसली. आज ज्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो, तेच. ही छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे टेस्ट क्लिप ही नुसती तांत्रिक तयारी नव्हे, फायनान्सरला पटवायचं ते सगळ्यात भारी साधन आहे. दादाकडून तीन हजार काढायचे असतील तर स्क्रिप्ट वाचून दाखवू नका, वीस सेकंदांची क्लिप दाखवा.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी टेस्ट दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन मुकाट्याने ३० फ्रेम्सवर शूट करत असतो, शटर भलत्याच आकड्यावर असतं, आणि मग चेहऱ्यावरून काळपट पट्ट्या सरकत राहतात. उपाय फुकटचा आहे. प्रो मोडमध्ये जाऊन २५ फ्रेम्स आणि शटर १/५० किंवा १/१०० करायचं. तरी सजावटीच्या माळा आणि डिमरवाल्या एलईडींचा भरवसा धरू नका. ज्या माळा वापरणार त्याच लावून दहा सेकंद शूट करा आणि लॅपटॉपवर बघा. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप बघून निर्णय घेऊ नका, प्लीज. ती चेपून चेपून पोहोचलेली असते.

मग स्लो-मो. हिरोईन केस उडवत हळुवार वळतेय, पण ओठ मात्र गाण्याच्या तालात बरोबर हलतायत. हा फंडा गणिताचा आहे. ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर दाखवलं, तर हालचाल निम्म्या वेगाची होते. म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गाणाऱ्याने त्याच वेगाने ओठ हलवायचे. चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत! संथ गाण्याला हे झक्कास जमतं. रॅपरला सांगून बघा, पुन्हा बोलणार नाही तुमच्याशी. पण गाणं दुप्पट वेगाचं करून ठेवलेली फाइल शूटच्या दिवशी कुणाच्याच फोनमध्ये नसणं, ही या खेळातली जुनी शोकांतिका आहे.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे उलटा व्हिडिओ. कोल्डप्लेच्या 'द सायंटिस्ट'च्या २००२ च्या व्हिडिओत सगळं जग उलटं चालतं, ख्रिस मार्टिनचे ओठ मात्र सुलटं गातात. त्यासाठी तो महिनाभर गाणं उलटं म्हणायला शिकत होता. इथे मराठी पोरांना एक फायदा आहे. गाण्याची फाइल उलटी वाजवायची आणि ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून काढायचं. 'पाऊस' उलटा केला की 'सूआप'सारखं काहीतरी ऐकू येतं. आपली लिपी उच्चाराला धरून चालत असल्यामुळे हा अगम्य मंत्र पाठ करायला बराच सोपा पडतो. पूर्ण गाण्याच्या नादी मात्र लागू नका. एक कडवं पुरे.

सॉफ्टवेअर नंतर, डोकं आधी

आता कुठलाही इफेक्ट फोनवरच्या ॲपमध्ये मिळतो, मग एवढी यातायात कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझं स्पष्ट मत आहे, की रेडीमेड फिल्टर लावलेला व्हिडिओ तीन महिन्यांत शिळा दिसतो. जामिरोक्वायचा 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' १९९६ चा आहे, आजही बघताना 'हे केलं कसं?' असं होतं. जमीन सरकतेय असं वाटतं, प्रत्यक्षात सरकतात त्या भिंती, आणि कॅमेराही भिंतींबरोबर सरकतो. बस्स, एवढंच. 'ओके गो' या बॅण्डने तर यावरच नाव कमावलं. आठ ट्रेडमिल्सवरचा त्यांचा २००६ चा नाच एका सलग टेकमध्ये आहे आणि तो जमायला १७ प्रयत्न लागले. पुढे २०१६ मध्ये त्यांनी 'द वन मोमेंट' केला. मुख्य घटना घडते साधारण ४.२ सेकंदांत, आणि तीच ताणून जवळजवळ अख्खं गाणं होतं. कुठला फुगा कितव्या क्षणी फुटणार याचं वेळापत्रक आकड्यांत मांडल्याशिवाय हे शक्य नव्हतं. तुम्ही ऑफिसात ज्या एक्सेल शीटला शिव्या घालता ना, तीच इथे हिरोईन आहे. भावाला पैशांऐवजी एक नीट शीट बनवून दिलीत तरी उपकार होतील.

फिश टँक कशाला, ते राहिलंच. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मधले ते अक्राळविक्राळ ढग डग्लस ट्रम्बुलच्या टीमने पाण्याच्या टाकीत केले होते. टाकीत खाली मिठाचं पाणी, त्यावर हलकेच साधं पाणी. दोन थर एकमेकांत पटकन मिसळत नाहीत. वरच्या थरात सिरिंजने पांढरा रंग सोडला की तो मधल्या सीमेवर पसरतो आणि आभाळ भरून आल्यासारखं दिसतं. मिठाच्या पाण्यावर प्लॅस्टिकचा कागद तरंगवा, त्यावर बारीक धारेने साधं पाणी ओता आणि कागद अलगद काढून घ्या. पहिल्या दोन खेपा हमखास फसतात, पाणी ढवळलं जातं. तिसऱ्या खेपेला जे दिसतं ते बघून खोलीतली सगळी पोरं एकदम गप्प होतात. एकूण खर्च मिठाच्या पुड्यांचा.

हिरव्या पडद्याची टेस्ट म्हणजे इस्त्रीची टेस्ट. एकेक सुरकुती एडिटिंगला रडवते. माणूस पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे उभा करा, नाहीतर गालावर हिरवी झाक येते. पडद्यावर वेगळी, सारखी लाइट हवी. आणि लग्नसराईत शूट करणार असाल तर हिरवा चुडा घातलेल्या वहिनींना फ्रेममध्ये बोलावू नका, मनगटाच्या जागी आरपार बॅकग्राउंड दिसेल.

एका बाबतीत मात्र 'बघूया तरी' चालत नाही. हवेत रंग उधळायचा शॉट प्रत्येक कॉलेजच्या व्हिडिओत असतोच, आणि रंग म्हणून बरेचदा कॉर्नफ्लोअर वापरलं जातं. हवेत उडालेलं बारीक पीठ भयानक वेगाने पेटतं. तैवानमध्ये २७ जून २०१५ ला एका वॉटर पार्कमधल्या पार्टीत अशीच रंगीत पूड पेटली. १५ तरुण मुलं-मुली गेली आणि शेकडो भाजली. बंद खोली, तापलेले हॅलोजन, कुणाच्या हातात सिगरेट आणि हवेत पूड, हे एकत्र येता कामा नये. रंग उधळायचाच तर मोकळ्या मैदानात, दिवसाउजेडी, ठिणगी आणि तापलेले दिवे लांब ठेवून. फटाके, फ्लेअर्स यांचं तर नावच नको. १९८४ मध्ये पेप्सीच्या जाहिरातीच्या शूटला मायकल जॅक्सनचे केस पेटले, तेव्हा तिथे व्यावसायिक क्रू होता. ड्राय आइसचा धूर दिसतो मस्त, पण तो कार्बन डायऑक्साइड आहे, बंद खोलीत गुदमरायला होतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याला उघड्या हाताने शिवू नका. भावाला फ्लॅट देताना 'घरात आग आणि पूड नाही' ही अट घाला आणि तिच्यावर अडून बसा. तो 'दादा, तू बोअर झालास' म्हणेल. म्हणू दे.

परवानग्यांचं थोडक्यात. रस्त्यावर ट्रायपॉड लावून गर्दी जमवणार असाल तर पोलिस आणि महापालिकेकडे आधी विचारणा हवी, स्टेशनवर रेल्वेची. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत विमानतळ वस्तीला खेटून आहेत, त्यामुळे ड्रोन उडवण्याआधी सरकारी नकाशावर आपली जागा रेड झोनमध्ये नाही ना, हे बघणं मस्ट.

शूटच्या दिवशी तुम्हाला बोलावतीलच. थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरून उन्हात उभं राहायचं काम फायनान्सरकडेच येतं. जाताना एक एक्स्टेन्शन बोर्ड, एक पॉवर बँक आणि दुपारी सगळं फुटेज उतरवून घ्यायला रिकामी हार्ड डिस्क न्या. आणि फिश टँक देणार असाल तर माशांची सोय आदल्या दिवशीच करा, मिठाचं पाणी त्यांना चालत नाही.