लॅपटॉपला मोबाइल मोडेम जोडण्याची रीत

शेतीच्या कामाचा बराच भाग आता कागदाऐवजी संगणकावर होऊ लागला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. शेतीच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. पीकविम्याच्या अर्जास ठरावीक मुदत असते आणि ती टळल्यास त्या हंगामाचे संरक्षण हातचे जाते. अशा वेळी गावात जोडणी नसेल, तर शेतकऱ्यास ऐन पेरणीच्या अगर खुरपणीच्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. त्यात दिवसाची मजुरी बुडते. शिवाय आधार क्रमांक, बँकेचे खाते व ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात. शेतकरी गट, बचत गट अगर घरातील शिकलेल्या मुलामुलींजवळ लॅपटॉप असेल, तर लहानशा मोडेमच्या साहाय्याने ही कामे गावातच करता येतात. हा मोडेम ‘डोंगल’ ह्या नावाने सर्वत्र परिचित आहे.

मोडेम म्हणजे काय?

मोडेममध्ये सीमकार्ड बसते. जवळच्या टॉवरकडून येणाऱ्या रेडिओलहरींचे तो संगणकास समजणाऱ्या संकेतांत रूपांतर करतो व संगणकाचे संकेत उलट टॉवरकडे पाठवितो. ही व्यवस्था पाटाच्या पाण्यासारखी आहे. खुलताबादेत ज्याची कबर आहे, त्या मलिक अंबराने सतराव्या शतकात औरंगाबाद शहरास नहरीने पाणी पुरविले. अशा नहरीत वाटेतील एक जरी सांधा तुंबला, तरी पुढील हौद कोरडा राहतो. त्याचप्रमाणे टॉवर, सीमकार्ड, मोडेम, लॅपटॉपमधील प्रणाली आणि कंपनीचे प्रवेशनाम ह्या पाच सांध्यांपैकी एक अडला की जोडणी होत नाही. यास्तव दोष शोधताना सांधे क्रमाने तपासावेत. एकदम सर्व काही बदलू नये.

मोडेमची निवड

जुना मोडेम स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. थ्री-जीपुरतेच चालणारे मोडेम आज बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरतात. एअरटेलने आपली थ्री-जी सेवा २०२० पर्यंत बंद केली आणि जिओने ती कधी दिलीच नाही. सीडीएमए पद्धतीच्या डोंगलांची सेवाही देशात बंद झालेली आहे. मोडेम फोर-जीचा असावा व तो कोणत्याही कंपनीचे सीमकार्ड स्वीकारणारा असावा. एकाच कंपनीपुरता बांधलेला मोडेम दुसरे कार्ड नाकारतो. परदेशातून आणलेला मोडेम घेताना त्यावर भारतातील लहरींचे पट्टे आहेत की नाहीत, हे पाहावे. त्यांपैकी ८५० व ९०० मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे दूरवर पोहोचतात व भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेग अधिक देतो, परंतु त्याचा पल्ला कमी असतो.

तालुक्याची रचना व रेंज

खुलताबाद गाव पठारावर आहे. म्हैसमाळचा माथा उंच असून वेरूळ डोंगराच्या पायथ्याशी आहे. लहरी डोंगर भेदून जात नाहीत. त्यामुळे टॉवर जवळ असूनही टेकडीच्या आडोशाच्या वस्तीत रेंज मिळत नाही व दूरच्या उघड्या माळावर ती चांगली मिळते. मोडेम घेण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची सीमकार्डे असलेले मोबाइल घराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, ओसरीत व गच्चीवर नेऊन पाहावेत. ज्या कंपनीची रेंज तेथे स्थिर राहते, तिचेच कार्ड घ्यावे. शेजारच्या गावात उत्तम चालणारे कार्ड आपल्या वस्तीवर चालेलच, असे नाही.

पत्र्याचे छप्पर लहरी परत फेकते व जाड दगडी भिंत त्या शोषून घेते. म्हणून मोडेम खिडकीजवळ अगर उघड्या ओसरीत ठेवावा. लॅपटॉप आत व मोडेम बाहेर ठेवावयाचा असल्यास चांगल्या प्रतीची, शक्यतो एक-दोन मीटरची यूएसबी तार वापरावी. मोडेम लहरी पाठविताना बरीच वीज घेतो. साध्या यूएसबी २.० खाचेतून ५०० मिलिअँपियरपर्यंतच वीज मिळते. तार लांब व बारीक असली की वीज अपुरी पडते, आणि मोडेम मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पुष्कळांना हा दोष कंपनीचा वाटतो, प्रत्यक्षात तो तारेचा असतो.

जोडण्याची रीत

१. सीमकार्ड प्रथम मोबाइलमध्ये घालून ते चालू आहे व त्यात डेटाचे रिचार्ज आहे, याची खात्री करावी. कार्डास पिन असल्यास ती तेथेच काढून टाकावी. पिन तीनदा चुकल्यास कार्ड अडते व मग कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो. तो दहा वेळा चुकल्यास कार्ड कायमचे निकामी होते.

२. मोडेम बंद असताना कार्ड खुणेप्रमाणे बसवावे आणि मोडेम थेट लॅपटॉपच्या खाचेत लावावा.

३. मिनिटभर थांबावे. अनेक मोडेम प्रथम स्वतःस सीडी म्हणून दाखवितात. त्या सीडीत मोडेम चालविण्याची प्रणाली असते. ती स्थापित केल्यावर मोडेम आपले खरे रूप घेतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी ह्याकरिता ‘यूएसबी मोडस्विच’ ही प्रणाली लॅपटॉपमध्ये आहे, असे पाहावे. नव्या धर्तीचे काही मोडेम मात्र जाळ्याच्या तारेप्रमाणे आपोआप ओळखले जातात व त्यांची मांडणी ब्राउझरमध्ये, मोडेमवर छापलेल्या पत्त्यावर करता येते.

४. नवे प्रोफाइल तयार करून त्यात कंपनीचे प्रवेशनाम, म्हणजे एपीएन, भरावे. जिओकरिता ‘जिओनेट’ व बीएसएनएलकरिता ‘बीएसएनएलनेट’ असे ते आहे. ते रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. जुन्या धर्तीच्या मोडेमला क्रमांक विचारल्यास *९९# द्यावा. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द ह्या जागा सामान्यतः रिकाम्या ठेवाव्यात.

५. ‘जोडा’ ही कळ दाबावी. बहुतेक मोडेमांत लुकलुकणारा दिवा शोध चालू असल्याचे व स्थिर दिवा जोडणी झाल्याचे दर्शवितो.

दोष व उपाय

मोडेम ओळखलाच जात नसेल, तर दुसरी खाच व दुसरा लॅपटॉप वापरून पाहावा. ओळखला जातो पण रेंज दिसत नाही, असे असल्यास जागा बदलावी आणि मांडणीत फोर-जी निवडलेले आहे का, ते पाहावे. रेंज आहे परंतु जोडणी होत नाही, तेव्हा दोष बहुधा प्रवेशनामात अगर रिचार्जमध्ये असतो. जोडणी होते पण पाने उघडत नाहीत, तेव्हा लॅपटॉपचे घड्याळ व तारीख तपासावी. तारीख चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. संध्याकाळी वेग मंदावत असल्यास तो टॉवरवरील गर्दीचा परिणाम होय. अर्जाचे काम अशा वेळी पहाटे करावे.

मोडेम नसल्यास

फोर-जी मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून ‘टेदरिंग’ सुरू केल्यास तोच मोडेमचे काम करतो. वर्षातून चार-दोन अर्ज भरणाऱ्यास एवढे पुरेसे आहे. गटाचे काम रोजचे असल्यासच वेगळा मोडेम परवडतो.

खबरदारी

जोडणी सुरू होताच लॅपटॉप आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या उतरवू लागतो व दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. हे टाळण्याकरिता जोडणीस ‘मीटर्ड’ अशी खूण करावी. गटाच्या लॅपटॉपवर कोणाचाही परवलीचा शब्द साठवू नये व काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. ओटीपी ज्याचा त्यानेच भरावा. अर्ज भरल्यावर पोचपावती लॅपटॉपमध्ये साठवून तिची छापील प्रत अर्जदारास द्यावी. पावतीवाचून अर्ज पोहोचल्याचा पुरावा राहत नाही.

मोडेमची जोडणी मुदतीच्या आदल्या रात्री करावयास घेऊ नये. हंगामापूर्वी, उन्हाळ्याच्या सवडीत, ती करून पाहावी व कोणत्या जागी रेंज उत्तम मिळते याची भिंतीवर खूण करून ठेवावी. मृगाच्या पावसापूर्वी पाभर व तिफण दुरुस्त करून ठेवतात, त्याच वेळी हे कामही उरकलेले असावे.